पेशी फोडणारे आणि पेशी पाहणारे

१९४५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन’ या नियतकालिकात एका पेशीचे छायाचित्र छापून आले. पेशी कोंबडीच्या गर्भातली होती आणि चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले होते. अख्ख्या पेशीचे असे चित्र तोवर कोणीच पाहिले नव्हते. मधोमध केंद्रकाचा जाड, अपारदर्शक भाग, भोवती लांबट तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया. आणि ज्या जागेत नुसता निराकार द्रव आहे असे बहुतेकांनी गृहीत धरले होते, तिथे कडेपर्यंत पसरलेली एक नाजूक जाळी. लेखावर तीन नावे होती : कीथ पोर्टर, आल्बेर क्लोद आणि अर्नेस्ट फुलम.

त्या जाळीचे काम काय, हे त्या दिवशी तिघांपैकी एकालाही सांगता आले नसते. ते कळायला पुढची वीस-बावीस वर्षे लागली. या काळात पेशीच्या पोटातली अंगके एकेक करून दिसली, वेगळी काढली गेली आणि कोणते अंगक काय करते याचा उलगडा झाला. आज शाळेच्या पुस्तकात एका पानावर मावणारी ही माहिती दोन स्वतंत्र वाटांनी आली. एक वाट पेशी पाहणाऱ्यांची होती, दुसरी पेशी फोडणाऱ्यांची. या दोन वाटा एका छपराखाली आल्या तेव्हाच रचना आणि कार्य यांची सांगड बसली.

त्याआधीची परिस्थिती समजून घ्यायला हवी. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ साली ऑर्किडच्या पेशींमध्ये केंद्रक पाहिले आणि ते पेशीचा कायमचा भाग असल्याचे सांगितले. रिचर्ड आल्टमान यांनी १८९० साली पेशीद्रव्यातल्या कणांचे तपशीलवार वर्णन केले. १८९८ मध्ये कार्ल बेंडा यांनी त्यांना मायटोकाँड्रिया हे नाव दिले. त्याच वर्षी इटलीतल्या पाव्हिया इथे कामिलो गॉल्जी यांना घुबडाच्या चेतापेशींत चांदीच्या क्षारांनी काळी पडलेली एक जाळी दिसली. पण प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची धाव तिथेच संपत होती. दोन बिंदूंमधले अंतर मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापेक्षा कमी झाले की प्रकाशाला ते दोन म्हणून दाखवता येत नाहीत. भिंग कितीही चांगले घासले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही, कारण ती प्रकाशाच्या तरंगलांबीतच आहे.

रसायनशास्त्रज्ञांची अडचण याच्या उलट होती. ते यकृत, मूत्रपिंड, स्नायू घेत, वाटत, गाळत आणि त्या रसातून विकरे वेगळी करत. साखर कशी मोडते, ऑक्सिजन कसा वापरला जातो, या अभिक्रियांच्या साखळ्या त्यांनी चोख मांडल्या. पण पेशीच्या आत या घडामोडी नेमक्या कुठे चालतात, याची खूण वाटण्याच्या पहिल्याच फेरीत नाहीशी होत होती. नुसते पाहणाऱ्याला काम कळत नव्हते आणि नुसते फोडणाऱ्याला ठिकाण कळत नव्हते.

ही कोंडी ज्याने फोडली तो माणूस सरळ मार्गाने शास्त्रज्ञ झालेला नव्हता. आल्बेर क्लोद बेल्जियममधल्या लोंग्लिए या लहानशा गावातले. वडील बेकरीवाले. आई स्तनाच्या कर्करोगाने गेली तेव्हा आल्बेर लहान होते. पुढे शिक्षण अर्धवट राहिले आणि त्यांनी पोलादाच्या कारखान्यात उमेदवारी केली. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी स्वयंसेवक म्हणून काम करत होते. युद्धानंतर बेल्जियमच्या सरकारने अशा लोकांना शालान्त प्रमाणपत्र नसतानाही विद्यापीठात प्रवेश द्यायचे ठरवले, तेव्हा कुठे क्लोद यांच्यासाठी वैद्यकीय शिक्षणाचे दार उघडले. १९२८ मध्ये लिएज विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. कर्करोग हाच अभ्यासाचा विषय, हे मनाशी पक्के होते. रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे संचालक सायमन फ्लेक्सनर यांना त्यांनी पत्र लिहून आपला बेत कळवला आणि १९२९ मध्ये ते न्यूयॉर्कला जेम्स मर्फी यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

बेत असा होता. पेटन राऊस यांनी याच संस्थेत १९११ साली दाखवले होते की कोंबडीतली एक गाठ पेशीविरहित गाळणाने दुसऱ्या कोंबडीत रुजते. म्हणजे त्या गाळणात गाठ निर्माण करणारे काहीतरी आहे. ते काहीतरी, म्हणजे बहुधा एक विषाणू, शुद्ध स्वरूपात वेगळे काढायचे. क्लोद यांनी गाठीचा लगदा करून तो सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात घातला. तळाशी बारीक कणांचा साका जमला आणि त्या साक्यात गाठ निर्माण करण्याची ताकद एकवटलेली आढळली. आता तुलनेसाठी त्यांनी निरोगी कोंबडीच्या गर्भावर तोच प्रयोग केला. तिथेही तसेच कण मिळाले, रायबोन्यूक्लिक आम्लाने समृद्ध, विषाणूच्या साक्यासारखेच. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून खंतावला असता. क्लोद यांना उमगले की विषाणू शोधताना त्यांच्या हाती निरोगी पेशीचाच एक अज्ञात भाग लागला आहे. त्या कणांना त्यांनी मायक्रोसोम म्हटले आणि पुढची काही वर्षे कर्करोगाचा विषाणू बाजूला ठेवून पेशीच पद्धतशीर फोडायला घेतली.

सुपात धान्य पाखडताना जड दाणा जवळ राहतो आणि हलके फोलपट दूर जाते, त्याच न्यायाने हे काम चाले. प्राण्याचे यकृत काढून बर्फात थंड करायचे. खलात किंवा काचेच्या नळीत दट्ट्याने ते इतपतच घासायचे की पेशींची पटले फाटावीत, पण आतली अंगके शाबूत राहावीत. हा लगदा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६०० पट बलाने दहा मिनिटे फिरवला की तळाशी केंद्रके बसतात. वरचा द्रव ओतून घेऊन तो दहा-पंधरा हजार पट बलाने फिरवला की तंतुकणिका खाली येतात. उरलेला द्रव एक लाख पट बलाने तासभर फिरवला की मायक्रोसोम बसतात. वर राहतो तो निव्वळ पेशीद्रव. प्रत्येक टप्प्यावर यंत्र, नळ्या आणि हात थंडच ठेवायचे, कारण ऊब मिळाली की पेशीतली विकरे आपल्याच घटकांना मोडू लागतात.

क्लोद यांचा खरा कटाक्ष हिशेबावर होता. सुरुवातीच्या लगद्यात एखादे विकर जितके होते, तितके चारही भागांची बेरीज केल्यावर मिळालेच पाहिजे. न मिळाले तर कुठेतरी गळती आहे किंवा काहीतरी लपले आहे. या शिस्तीमुळे विकरांची ठिकाणे निश्चित होऊ लागली. जॉर्ज होगबूम आणि रॉलिन हॉचकिस यांच्यासोबत त्यांनी १९४६ मध्ये दाखवले की ऑक्सिजन वापरणाऱ्या अभिक्रियेतले सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर जवळजवळ सगळे मोठ्या कणांच्या, म्हणजे तंतुकणिकांच्या, भागात येते. पेशीच्या श्वसनाचे ठिकाण पहिल्यांदा हाती लागले.

मग पाहणाऱ्यांची वाट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ मध्ये बर्लिनला मॅक्स नॉल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी बनवला होता. धातू आणि रंगद्रव्ये यांच्यासाठी तो उत्तम, पण जिवंत ऊतींसाठी कुचकामी मानला जाई. इलेक्ट्रॉनचा झोत निर्वात पोकळीतच चालतो, त्यामुळे ओली पेशी सुकून जाणार. शिवाय जाड नमुन्यातून तो झोत आरपार जातच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असा सूक्ष्मदर्शक मिळणेही दुरापास्त होते. रॉकफेलरमध्ये तो नव्हता. न्यूयॉर्कमधल्या इंटरकेमिकल कॉर्पोरेशन या शाई बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मात्र होता, आणि फुलम तिथे तो चालवत होते.

नमुन्याचा प्रश्न सोडवला कीथ पोर्टर यांनी. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचे हे तरुण जीवशास्त्रज्ञ १९३९ मध्ये मर्फी यांच्या प्रयोगशाळेत आले होते आणि काचेवर पेशी वाढवण्यात त्यांचा हात बसलेला होता. पेशीचे काप काढायची सोय नव्हती, तर आपोआप पातळ पसरणारी पेशीच घ्यावी, हा त्यांचा विचार. काचेवर प्लास्टिकचा अतिशय पातळ पापुद्रा चढवून त्यावर त्यांनी कोंबडीच्या गर्भातल्या पेशी वाढवल्या. वाढताना या पेशी पापुद्र्यावर सपाट पसरतात आणि कडेला इतक्या पातळ होतात की इलेक्ट्रॉन त्यांतून जाऊ शकतात. ऑस्मियम टेट्रॉक्साइडच्या वाफेने त्या होत्या त्या स्थितीत गोठवल्या, धुतल्या, आणि पापुद्रा काचेवरून सोलून तारेच्या बारीक जाळीवर ठेवला. १९४५ चे ते छायाचित्र असे आले. एका चौकटीत अख्खी पेशी मावत नव्हती म्हणून अनेक छायाचित्रे जोडून ते तयार केले होते.

पुढच्या वर्षी रुमानियाहून अमेरिकेत आलेल्या एका डॉक्टरने क्लोद यांचे व्याख्यान ऐकले आणि नंतर जाऊन त्यांची भेट घेतली. जॉर्ज पलादे यांचे वय तेव्हा ३३-३४, शिक्षण बुखारेस्टचे. त्याच वर्षी, १९४६ मध्ये, ते रॉकफेलरमध्ये रुजू झाले. पलादे यांच्याकडे दोन गुण एकत्र होते : रसायनाची समज आणि चित्र वाचण्याची विलक्षण नजर.

त्यांनी आधी फोडण्याचे तंत्र सुधारले. तोवर पेशी मिठाच्या पाण्यात वाटल्या जात आणि तंतुकणिका फुगून गोल होत, एकमेकींना चिकटत. होगबूम, वॉल्टर श्नायडर आणि पलादे यांनी १९४८ मध्ये मिठाऐवजी साखरेचा दाट द्राव वापरला. तंतुकणिका आपला लांबट आकार टिकवून बाहेर आल्या, आणि जिवंत पेशीत तंतुकणिका रंगवणाऱ्या जानस ग्रीन या रंगाने तशाच रंगल्या. आता नळीतला साका म्हणजे खरोखर तंतुकणिकाच, याबद्दल शंका उरली नाही. याच तंत्राचा आधार घेऊन शिकागोमध्ये युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी लगेच दाखवून दिले की मेदाम्लांचे ज्वलन, अन्नघटक मोडणाऱ्या अभिक्रियांचे क्रेब्स चक्र आणि त्यातून एटीपी हे ऊर्जेचे रेणू तयार होणे, हे सगळे एकट्या तंतुकणिकांमध्ये घडते.

आता तंतुकणिकेची रचना पाहायची होती. त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. ऊतीचा तुकडा प्लास्टिकमध्ये बसवून कडक करणे, काचेच्या ताज्या तुटलेल्या धारेने त्याचे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून पातळ काप काढणे, आणि त्याआधी ऊती न बिघडवता स्थिर करणे. काप काढण्याचे यंत्र पोर्टर यांनी जोसेफ ब्लम यांच्यासह तयार केले. स्थिर करण्याची युक्ती पलादे यांची. ऑस्मियमच्या द्रावात ऊती बुडवल्या की त्या आम्लधर्मी होतात आणि रचना विस्कटते, हे त्यांनी ओळखले व द्रावाची आम्लता रक्ताइतकी राहील अशी सोय केली. १९५२ मध्ये तंतुकणिकेचे अंतरंग उघड झाले. तिला दोन पटले असतात. बाहेरचे गुळगुळीत, आतले घड्या पडून पोकळीत घुसलेले. स्टॉकहोमला फ्रिट्योफ शोस्ट्रांड हेही त्याच सुमारास तंतुकणिकेची चित्रे काढत होते. घड्या आतल्या पटलाच्या आहेत की स्वतंत्र पडदे आहेत, यावर दोघांचा वाद झाला आणि पुढे पलादे यांचे म्हणणे टिकले.

घड्या कशासाठी? श्वसनसाखळीतली विकरे या आतल्या पटलात रुतलेली असतात. जितकी घडी अधिक तितका पटलाचा पृष्ठभाग अधिक आणि तितकी ऊर्जानिर्मिती अधिक. हृदयाच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांत या घड्या दाटीवाटीने असतात, त्याचे कारण हेच. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले की श्वसनातली ऊर्जा वापरून हायड्रोजनचे आयन या पटलाच्या एका बाजूला साठवले जातात आणि ते परत येताना एटीपी तयार होतो. म्हणजे अखंड पटल नसेल तर ऊर्जा साठणारच नाही. रचना कळल्याशिवाय हे कार्य समजणे शक्य नव्हते.

या यशाच्या वाटेवर एक मोठी चूकही झाली. गॉल्जी यांनी पाहिलेली जाळी खरी की रंगवण्याच्या प्रक्रियेतून उपजलेला आभास, हा वाद पन्नास वर्षे चालला होता. १९४९ मध्ये पलादे आणि क्लोद यांनी प्रयोगांच्या आधारे निकाल दिला की तो आभासच आहे. मेदद्रव्यांवर रसायनांची क्रिया होऊन अशा आकृती तयार होतात, असे त्यांचे प्रतिपादन. पाचच वर्षांत, १९५४ मध्ये, आल्बर्ट डाल्टन आणि मेरी फेलिक्स यांनी पातळ कापांमध्ये चपट्या कोशांच्या चळती आणि त्यांच्या कडेचे बुडबुडे दाखवले. गॉल्जी पिंड खरे होते. पलादे यांनी ते मान्य केले आणि त्यांचे पुढचे सर्वांत मोठे संशोधन याच अंगकाला मध्यभागी ठेवून उभे राहिले.

आणि १९४५ च्या छायाचित्रातली ती जाळी? पोर्टर यांनी तिला आंतर्द्रव्यजालिका म्हणून ओळख दिली. पातळ कापांमध्ये ती एकमेकांना जोडलेल्या नळ्या आणि चपट्या पिशव्यांच्या रूपात दिसली. काही भागांच्या बाहेरच्या अंगाला बारीक ठिपके चिकटलेले होते, काही भाग गुळगुळीत होता. १९५५ मध्ये पलादे यांनी या ठिपक्यांचे वर्णन केले. तेच पुढे रायबोझोम म्हणून ओळखले गेले.

इथे दोन्ही वाटा प्रत्यक्ष भेटल्या. पलादे आणि जीवरसायनशास्त्रज्ञ फिलिप सिकेव्हिट्झ यांनी १९५६ मध्ये क्लोद यांच्या मायक्रोसोमचा साका घेऊन त्याचेच काप काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. दिसल्या त्या लहान लहान बंद पिशव्या, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला तेच ठिपके. म्हणजे मायक्रोसोम हे स्वतंत्र अंगक नव्हतेच. पेशी वाटताना फाटलेल्या आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे मिटून झालेल्या त्या पिशव्या होत्या. पटल विरघळवून ठिपके सुटे केले तेव्हा रायबोन्यूक्लिक आम्ल ठिपक्यांतच सापडले. त्याच सुमारास बोस्टनला पॉल झॅमेक्निक यांचा गट दाखवत होता की अमिनो आम्लांपासून प्रथिने या कणांवरच जोडली जातात. नळीत, चित्रात आणि रसायनात एकच उत्तर आले.

याच वर्षांत बेल्जियममध्ये एक अंगक न पाहताच सापडले. लुव्हेन विद्यापीठातले क्रिश्चन द दुव्ह इन्शुलिनचा यकृतावरचा परिणाम तपासत होते. १९४९ च्या डिसेंबरात त्यांच्या गटाने क्लोद यांच्या पद्धतीने उंदराचे यकृत हलक्या हाताने वाटले आणि त्यातले आम्लप्रिय फॉस्फटेज हे विकर मोजले. हे मोजमाप मूळ प्रश्नाचा भागही नव्हते. आकडा अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश आला. नमुने फ्रिजमध्ये ठेवून दिले गेले. पाच दिवसांनी पुन्हा मोजले तेव्हा विकराची क्रियाशीलता कितीतरी पटींनी वाढलेली होती.

पहिले मोजमाप चुकले असेल असे म्हणून पुढे जाणे सोपे होते. द दुव्ह थांबले. विकर नव्याने तयार झालेले असू शकत नाही, म्हणजे ते आधीपासून तिथेच होते, पण कशाच्या तरी आड. पाच दिवसांत ती आड फुटली असावी. जाक बर्थे आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी पटल फोडण्याचे निरनिराळे उपाय करून पाहिले : नमुना गोठवून वितळवला, साखर काढून नुसत्या पाण्यात घातला, साबणासारखी द्रव्ये मिसळली. प्रत्येक वेळी विकर मोकळे झाले. तंतुकणिकांच्या साक्याचे आणखी बारकाईने भाग केल्यावर कळले की हे विकर तंतुकणिकांत नाही, त्यांच्यासोबत खाली येणाऱ्या वेगळ्याच कणांत आहे. १९५५ पर्यंत त्याच कणांत आम्लधर्मी माध्यमात काम करणारी पाच पाचक विकरे सापडली. या अंगकाला लायसोसोम असे नाव मिळाले. मराठी पाठ्यपुस्तकांतली लयकारिका ती हीच.

ती कशी दिसते, हे त्यांना माहीत नव्हते. १९५५ मध्येच अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स नोव्हिकॉफ लुव्हेनला आले. अमेरिकेतल्या मॅकार्थी काळात, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशा होत असताना, सहकाऱ्यांची नावे सांगायला नकार दिल्याने त्यांना व्हरमाँट विद्यापीठातली नोकरी दोन वर्षांपूर्वी गमवावी लागली होती. त्यांनी द दुव्ह यांच्या साक्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रे घेतली आणि एकेरी पटलाच्या गडद, गोल वस्तू दाखवल्या. पेशीच्या आतला द्रव जवळजवळ उदासीन असतो, लयकारिकेच्या आत मात्र आम्लता त्याहून शेकडो पट अधिक. बाहेरून गिळलेले जिवाणू, झिजलेली अंगके, निकामी प्रथिने तिथे मोडली जातात आणि घटक पुन्हा वापरायला परत मिळतात. पटल हेच या व्यवस्थेतले संरक्षण आहे : विकरे सुटी असती तर त्यांनी पेशीचेच पचन केले असते.

सुटी सुटी अंगके आता कळली होती. ती एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, हा प्रश्न पलादे यांनी हाती घेतला. त्यासाठी त्यांनी गिनिपिगचे स्वादुपिंड निवडले. या ग्रंथीतल्या पेशींचे मुख्य काम एकच, पाचक विकरे बनवून बाहेर टाकणे, त्यामुळे प्रथिनांचा प्रवास तिथे ठळक दिसतो. १९६७ मध्ये जेम्स जेमिसन यांच्यासोबत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांनी ग्रंथीच्या चकत्या फक्त तीन मिनिटे किरणोत्सारी ल्यूसिन या अमिनो आम्लात ठेवल्या आणि मग साध्या ल्यूसिनमध्ये हलवल्या. म्हणजे त्या तीन मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवरच खूण पडली. ठराविक वेळाने चकत्या काढून त्यांचे काप केले, त्यांवर छायाचित्रणाचा लेप चढवला आणि अंधारात ठेवून दिले. जिथे खुणेचे प्रथिन असेल तिथे लेपात चांदीचा काळा कण उमटतो.

तीन मिनिटांनंतरच्या कापांत काळे कण आंतर्द्रव्यजालिकेच्या ठिपकेदार भागावर होते. आणखी सात मिनिटांनी ते गॉल्जी पिंडाच्या कडेच्या बुडबुड्यांकडे सरकले. अर्ध्या तासाच्या पुढे ते गॉल्जीलगतच्या मोठ्या पोकळ्यांत गेले आणि सुमारे दोन तासांनी पेशीच्या टोकाशी साठवणीच्या दाट कणांत पोहोचले. प्रथिनाचा पेशीतला मार्ग क्रमाने आणि वेळेसकट डोळ्यांसमोर आला. श्वसन थांबवणारी द्रव्ये घातली की हा प्रवास जालिका आणि गॉल्जी यांच्यामध्येच अडतो, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे या वाहतुकीला तंतुकणिकांतून येणारी ऊर्जा लागते. रायबोझोमवरच्या जोडणीपासून पेशीबाहेर पडणाऱ्या विकरापर्यंतची साखळी इथे जुळली.

१९७४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्लोद, पलादे आणि द दुव्ह यांना मिळाले. पेशीच्या रचनेची आणि कार्याची व्यवस्था उलगडल्याबद्दल हा गौरव होता. कीथ पोर्टर त्यात नव्हते. पारितोषिक तिघांहून अधिक जणांत वाटता येत नाही. चारच वर्षांपूर्वी, १९७० मध्ये, कोलंबिया विद्यापीठाने आपले हॉर्विट्झ पारितोषिक क्लोद, पलादे आणि पोर्टर अशा तिघांना दिले होते. पहिली अख्खी पेशी ज्यांच्या हातून दिसली, काप काढण्याचे यंत्र ज्यांनी घडवले आणि या शाखेचे नियतकालिक १९५५ मध्ये उभे करण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्यांचे नाव वगळले जाणे हा अन्यायच होता.

काम मात्र थांबले नाही. पलादे यांच्या प्रयोगशाळेत १९६७ मध्ये आलेल्या गुंटर ब्लोबेल यांनी पुढचा प्रश्न घेतला : कोणत्या प्रथिनाने जालिकेत शिरायचे हे ठरते कसे? प्रथिनाच्या सुरुवातीलाच अमिनो आम्लांची एक छोटी साखळी असते आणि तीच त्याला योग्य पटलाकडे नेते, हे त्यांनी सिद्ध केले. १९९९ चे नोबेल त्यांना मिळाले. 

या इतिहासाचे सर्वांत थेट फळ मात्र रुग्णांना मिळाले. १९३२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमचे विकृतिशास्त्रज्ञ योहानेस पोम्पे यांनी सात महिन्यांच्या एका बाळाच्या शवचिकित्सेचे वर्णन प्रसिद्ध केले होते. हृदय प्रचंड वाढलेले, स्नायूंत ग्लायकोजेन साठलेले, कारण अज्ञात. पोम्पे यांना पुढे डच प्रतिकार चळवळीतल्या सहभागामुळे १९४५ च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर १९६३ मध्ये लुव्हेनमध्येच, द दुव्ह यांचे सहकारी आँरी-जेरी एर्स यांना मिळाले. या बाळांच्या लयकारिकांमध्ये ग्लायकोजेन मोडणारे एक विकरच नसते. लयकारिकेतल्या एका विकराच्या अभावी होणारा हा पहिला ओळखलेला आजार. आज असे पन्नासाहून अधिक आजार माहीत आहेत. गौचर, फॅब्री, टे-सॅक्स ही त्यांतली काही नावे.

पेशी बाहेरून जे गिळते ते लयकारिकेत पोहोचते, हे एकदा कळल्यावर उपचाराची दिशा द दुव्ह यांनीच सुचवली होती : नसलेले विकर रक्तातून द्यावे, पेशी ते आपणहून योग्य जागी नेईल. ते प्रत्यक्षात यायला वेळ लागला. गौचर आजारासाठी १९९१ मध्ये आणि पोम्पे आजारासाठी २००६ मध्ये असे औषध मंजूर झाले.

भारतात २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात गौचर आणि पोम्पे या दोन्ही आजारांचा समावेश आहे. त्यासाठी नेमलेल्या केंद्रांमध्ये मुंबईचे केईएम रुग्णालय आहे आणि एका रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. हे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि मुलाचे वजन वाढेल तसा डोस वाढतो, त्यामुळे ही रक्कम मध्येच संपते. शास्त्राने आपले काम केले आहे. पैसे संपले म्हणून मुलाचे औषध थांबू नये, इतकी जबाबदारी आता केंद्र आणि राज्य सरकारांनी घ्यायला हवी.